वऱ्हाडच्या उन्हात स्लश मशीन : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

स्लश म्हणजे बारीक बर्फकणांचे, अर्धवट गोठलेले गोड पेय. ते बनवणारे, प्रत्येकी १२ लिटरच्या दोन पारदर्शक टाक्यांचे मशीन आता तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या रस्त्यांवरच्या फाट्यांवरही दिसू लागले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरुड–मोर्शी पट्ट्यात रसवंतीला आणि संत्र्याच्या रसाला जोड म्हणून ते घेणारे दुकानदार वाढत आहेत, आणि आमच्या दुकानातही ते गेले काही उन्हाळे चालू आहे. हे परीक्षण त्याच मशीनचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण त्याच साच्यातल्या टाक्या, तोच नळ आणि तीच फिरकी असलेले मशीन बाजारात निरनिराळ्या नावांनी विकले जाते. वरची पट्टी बदलते, आतली बांधणी बहुधा बदलत नाही. किंमत पाऊण लाखाच्या घरात जाते, आणि स्टॅबिलायझर धरला तर त्याहून थोडी पुढे. एवढे पैसे घालणाऱ्याला विक्रेता जे सांगत नाही ते आधी सांगितले पाहिजे : ज्या उन्हामुळे या पेयाला गिऱ्हाईक येते, त्याच उन्हात हे मशीन सर्वांत कमी काम करते. मशीन वाईट नाही. परंतु ते आपल्या हवेसाठी बनवलेले नाही, आणि त्याला आपल्या हवेत चालवून घेणे हे पूर्णपणे दुकानदाराचे काम आहे.

रचना अगदी साधी आहे. टाकीच्या मधोमध स्टीलचे आडवे नळकांडे असते आणि त्याच्या आतून फ्रीजप्रमाणेच थंड गॅस फिरतो. नळकांड्याभोवती आटे असलेली फिरकी, जिला मेकॅनिक ऑगर म्हणतात, सावकाश फिरत राहते, नळकांड्यावर धरलेला बर्फाचा पातळ थर खरवडते आणि टाकीतले मिश्रण सतत हलते ठेवते. मिश्रण घट्ट होऊ लागले की फिरकीवर जोर येतो, तो जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की एक स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, आणि मिश्रण सैल झाले की पुन्हा सुरू करतो. ही मर्यादा कमी-जास्त करण्यासाठी मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. म्हणजे मशीन तापमान नव्हे तर घट्टपणा मोजते, आणि पुढे साखरेबद्दल जे लिहिले आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे. अर्धवट गोठलेल्या पेयाचा हा धंदा अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, तो कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिल गावी ओमर नेडलिक यांच्या दुकानात : सोडा मशीन बिघडले म्हणून त्यांनी बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, त्या अर्ध्या गोठल्या, आणि लोक तशाच बाटल्या मागू लागले. त्यांनी पुढे जे यंत्र तयार केले ते दाबाखाली वायू मिसळणारे होते. आपल्याकडचे उघड्या टाकीचे मशीन त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि गावात दुरुस्तीची सोय नसताना हा त्याचा मोठा गुण आहे.

आता उन्हाबद्दल. थंड करणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या पाठीमागच्या पट्टीवर ‘एन’, ‘एसटी’ किंवा ‘टी’ असे अक्षर छापलेले असते. ‘एन’ म्हणजे यंत्र ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. ही अक्षरे खरेदी करताना कोणी वाचत नाही, परंतु आपल्याकडे तीच आधी वाचली पाहिजेत, कारण नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेल्याची नोंद आहे आणि टिनाच्या शेडखाली भर दुपारी हवा सावलीतल्या पाऱ्यापेक्षाही तापलेली असते. टाकीतली उष्णता शेवटी मशीनच्या मागच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, बाहेरच्या हवेत टाकली जाते; बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर ती उष्णता बाहेर पडायला नाखूष असते, गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याच्या अंगावरचा ओव्हरलोड नावाचा सुरक्षा स्विच त्याला बंद करतो. दुपारी दोन वाजता टाकीत रंगीत पाणी हलताना दिसते आणि रात्री नऊ वाजता घट्ट स्लश तयार असते, ही तक्रार या मशीनबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते. ती खरी आहे, पण तो बिघाड नव्हे. गॅस कमी झाला असे समजून मेकॅनिककडून गॅस भरून घेणे हा त्यावरचा सर्वांत चुकीचा उपाय आहे, कारण जास्त गॅसने दाब आणखी चढतो आणि कॉम्प्रेसर आणखी लवकर बसतो.

उपाय जागेत आहे. मशीनच्या तिन्ही बाजूंना किमान वीतभर मोकळी जागा हवी, मागे ऊन खाल्लेली भिंत नको, आणि शेजारी उसाच्या चरकाचे इंजिन, भजीची कढई किंवा फ्रीजची तापलेली पाठ नको. त्याहून अधिक उपयोग आपल्या साध्या वाळ्याच्या कूलरचा होतो. विदर्भाचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे कूलरच्या तोंडाशी हवा सहज बारा-पंधरा अंशांनी थंड मिळते, आणि ती हवा मशीन ज्या बाजूने आत ओढते त्या बाजूला गेली तर मशीनपुरता उन्हाळाच संपतो. मात्र कूलर एवढ्या अंतरावर हवा, की त्याचे तुषार जाळीवर पडणार नाहीत. बोअरच्या जड पाण्याचे तुषार पडले की जाळीच्या पात्यांवर क्षार चढतात आणि खालच्या वायरिंगपर्यंतही ओल पोहोचते. जून उजाडून हवा दमट झाली की कूलरचा हा फायदा संपतो. त्याच सुमारास टाकीच्या बाहेरून पाणी सुटू लागते, कारण स्वस्त मशीनची टाकी एकपदरी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिकची, असते. दुपदरी टाकीचे मशीन महाग पडते, पण ज्यांना पावसाळ्यातही ते चालवायचे आहे त्यांनी तेच घ्यावे.

दुसरा उपाय पाणी थंड करून ओतण्याचा आहे आणि तो आकड्यांनीच पटतो. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि एक किलो बर्फ धरायला ३३४ किलोज्यूल. गच्चीवरच्या टाकीतले किंवा उन्हात उतरवलेल्या आरओच्या कॅनमधले पाणी ४० अंशांचे असेल, तर १२ लिटर मिश्रण शून्यापर्यंत आणण्यातच सुमारे २००० किलोज्यूल खर्ची पडतात, आणि त्यातला चाळीस टक्के भाग गोठवायला जेमतेम १६०० लागतात. याचा अर्थ मशीनचे निम्म्याहून अधिक काम नुसते गरम पाणी गार करण्यात जाते, जे काम दुकानातला साधा डीप फ्रीझर किंवा फ्रीज रात्रभरात करून ठेवू शकतो. मिश्रण आदल्या रात्री तयार करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि ५ ते ८ अंशांचे झाल्यावरच टाकीत ओतावे. बर्फाची लादी वापरायची असेल तर ती कॅनच्या बाहेरून लावावी; मिश्रणात बर्फ टाकला तर साखरेचे प्रमाण मोडते, शिवाय लादी खाण्याच्या पाण्याची आहे की नाही हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळसर रंगाचा करण्याचा नियम आहे, पण लादी पांढरी दिसली म्हणून ती शुद्ध ठरत नाही.

साखरेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गावातली बहुतेक मशीन उन्हाने नव्हे तर साखर वाचवल्याने मोडतात. मिश्रणातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात : शंभर ग्रॅम मिश्रणात १४ ग्रॅम साखर असेल तर ते १४ ब्रिक्स. स्लशसाठी १३ ते १५ ब्रिक्स हे प्रमाण उत्तम. या प्रमाणाचे पाणी शून्याच्या खाली साधारण एक अंशावर गोठू लागते. जसजसा पाण्याचा बर्फ होतो तसतशी उरलेल्या पाण्यातली साखर वाढत जाते आणि ते आणखी गोठायला नकार देते, म्हणून बारीक कण आणि पातळ पाक असे दोन्ही एकत्र राहतात. ब्रिक्स ११ च्या खाली गेले की ही अडवणूक संपते. नळकांड्यावर दगडासारखा बर्फ चढतो, फिरकी त्यात अडते, कटकट असा आवाज येऊ लागतो, आणि तो आवाज ऐकूनही मशीन चालू ठेवले तर फिरकीचा आटा किंवा गिअरबॉक्सचा दाता जातो. उलट १८ च्या वर गेले तर मिश्रण गोठतच नाही, कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि गिऱ्हाइकाला थंड, अति गोड सरबत मिळते. साधे पाणी घालून मशीन ‘चालते का’ हे पाहणे हा तर मशीन मोडण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे; पाणी घालून फक्त फिरकी चालवावी, थंडीचे बटण दाबू नये.

बाजारात मिळणारे साखरेचे सिरप साधारण ६५ ब्रिक्सचे असते. एक लिटर सिरपमध्ये पाच लिटर पाणी घातले की साडेतेरा ब्रिक्सच्या आसपास मिश्रण होते, चार लिटर घातले की सोळा, आणि सहा लिटर घातले की पावणेबारा. म्हणजे बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात एका लिटरचा फरक पडला तरी आपण सुरक्षित पट्ट्याच्या काठावर येतो. सात लिटर घालून बाटलीमागे चार-दोन ग्लास जास्त काढणारे दुकानदार पाहण्यात आहेत, आणि त्यांचीच मशीन मेमध्ये दुरुस्तीला नागपूरला गेलेली असतात. काही स्वस्त स्थानिक सिरपांत गोडी साखरेची नसून सॅकरिनची असते. जिभेला ते तितकेच गोड लागते, परंतु सॅकरिन इतके थोडे असते की गोठणबिंदूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि मशीनच्या दृष्टीने ते नुसते रंगीत पाणीच ठरते. म्हणून ब्रिक्स मोजणारे, हातात धरायचे रिफ्रॅक्टोमीटर घ्यावे. ० ते ३२ ब्रिक्सचे साधे उपकरण मशीनच्या किमतीपुढे किरकोळ रकमेत मिळते. दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरले की रेघ दिसते. संत्र्याच्या बागाईतदारांना ते नवे नाही, आणि स्लश मशीनसोबत विक्रेत्याने ते फुकट द्यायला हरकत नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साखर योग्य असूनही कण मोठे झाले तर एक निराळीच तक्रार येते, आणि ती करणारे गिऱ्हाईक ती मोठ्या अदबीने करते : “भाऊ, रंग त सारा चोखून झाला, आता नुसता बरफच राह्यला न जी.” स्ट्रॉमधून पाक आधी ओढला जातो आणि तळाशी बेचव बर्फ उरतो. मिश्रण तासन्‌तास न विकता फिरत राहिले की लहान कण विरघळून मोठ्या कणांवर चढत जातात, त्यामुळे असे होते. घट्टपणाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करणे, आणि दुपारच्या मंद वेळेत एकच टाकी गोठवून दुसरी नुसती थंड ठेवणे, या दोन गोष्टींनी ते बरेचसे टळते. टाकी निम्म्यावर आली की थंड केलेले मिश्रण वरून ओतावे; फिरकी उघडी पडेपर्यंत वाट पाहिली तर मिश्रणात हवा घुसते आणि फेस येतो, आणि गरम मिश्रण ओतले तर असलेले स्लशही विरघळते.

आता आपल्या फळांचे. संत्र्याचा ताजा रस साधारण १० ते ११ ब्रिक्सचा असतो, म्हणजे तो तसाच ओतता येत नाही. साखर घालून १४ पर्यंत आणावा लागतो. तो दोनदा गाळलाच पाहिजे, नाहीतर रेषा नळाच्या दट्ट्यात अडकतात आणि नळ ठिबकू लागतो. संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे, आणि टाकीत दिवसभर फिरणारा रस हा ठेवलेलाच रस होय. म्हणून शुद्ध संत्र्याचे स्लश सकाळी करून संध्याकाळपर्यंत संपवायचे, उरवायचे नाही. शिवाय संत्र्याच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहार संक्रांतीच्या आत संपलेला असतो आणि मृग बहारही मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, त्यामुळे भर मे महिन्यात संत्र्याच्या नावाने जे विकले जाते ते बहुतेक सिरपच असते. लिंबू मात्र या मशीनमध्ये अप्रतिम वागते. लिंबू, साखर, थोडे काळे मीठ, आणि मिश्रण १४ ब्रिक्सला आणलेले : गावातली मोठी माणसे निळ्या-लाल रंगांकडे पाहतही नाहीत, पण हे दुसऱ्यांदा मागतात. कैरीचे पन्हेही चांगले होते, फक्त गर वस्त्रगाळ हवा आणि वेलदोड्याची पूड अगदी बारीक हवी. उसाचा रस १८ ते २० ब्रिक्सचा असतो, तो पाणी आणि लिंबू घालून खाली आणावा लागतो. तो इतका लवकर आंबतो की आम्ही त्याच्या वाटेला जाऊ नये असेच सांगू. दूध, मस्तानी, कोल्ड कॉफी वगैरे विक्रेत्याच्या चित्रात असतात, पण दुधाला लागणारी रोजची स्वच्छता आणि या मशीनचा नळ यांचे जमत नाही.

बिनसाखरेच्या स्लशचे सिरपही आता ऑनलाइन मिळते. साखर नसताना मिश्रण घट्ट दगड होऊ नये म्हणून त्यात ग्लिसरॉल घातलेले असते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांना ग्लिसरॉलयुक्त स्लश देऊ नये असे सांगितले आणि २०२५ मध्ये ती मर्यादा सात वर्षांपर्यंत वाढवली, कारण लहान मुलांमध्ये त्याने रक्तातली साखर घसरून मूल बेशुद्ध पडण्याचे प्रकार आढळले. आपल्या दुकानात येणारे निम्मे गिऱ्हाईक शाळकरी असते. अशा वेळी ते सिरप ठेवूच नये.

विजेशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. दोन टाक्यांच्या या मशीनच्या पट्टीवर ८०० वॅटच्या आसपासचा आकडा असतो आणि उन्हाळ्यात दिवसभर चालले तर सहा ते आठ युनिट जळतात. खर्च म्हणून हे फार नाही. अडचण दाबाची आहे. संध्याकाळी ओलिताचे पंप सुरू झाले की काही गावांत दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो, अशा दाबावर कॉम्प्रेसर उचल घेत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. त्यासाठी स्टॅबिलायझर हवाच, आणि तो कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या झटक्याला पुरणारा, म्हणजे घरगुती फ्रीजचा छोटा नव्हे, आणि खंडित वीज परतल्यावर किमान तीन मिनिटे थांबून पुरवठा देणारा असावा. वीज गेल्यावर लगेच आली आणि कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला तर आतला दाब समान झालेला नसतो. फटका तिथेच बसतो. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर चालत नाही. वीज परतल्यानंतरचा क्रमही महत्त्वाचा आहे : आधी फिरकी, ती मोकळी फिरते आहे हे पाहून मग थंडी. अर्थिंगबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण ओल्या हाताने नळ दाबणाऱ्या मुलांचा विचार करता सांगितलेले बरे.

लग्नसराईत हे मशीन भाड्याने मागणारे पुष्कळ असतात, आणि महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेत नेण्याचा मोहही होतो. न्यायला हरकत नाही, पण उभेच न्यावे. आडवे झाले तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते, आणि मग मशीन सरळ उभे करून निदान बारा तास स्वस्थ ठेवल्याशिवाय सुरू करता येत नाही. मंडपातल्या जनरेटरवर डीजे आणि स्लश मशीन एकाच तारेवर देऊ नयेत.

धुण्याच्या बाबतीत मशीनचे कौतुक केले पाहिजे. टाकी, फिरकी आणि नळाचे दट्टे हत्याराविना निघतात आणि सवयीच्या माणसाला सगळे काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. पण ते रोज रात्री केले पाहिजे, आणि बहुतेक दुकानांत ते होत नाही हेच खरे दुखणे आहे. मशीनवर ‘रात्र’ असे बटण असते. त्याने मिश्रण न गोठता तीन-चार अंशांवर फिरत राहते. विक्रेते ते न धुण्याचा परवाना असल्यासारखे दाखवतात. रात्री वीज तीन तास गेली तर ते मिश्रण कुठे राहिले असेल, याचा विचार करावा. आम्ही उरलेले मिश्रण झाकणाच्या स्वच्छ कॅनमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा संपवतो. दुसऱ्या रात्री उरले तर टाकून देतो.

धुताना पाणी कोमट असावे, कढत नाही, कारण पॉलिकार्बोनेटला तडे जातात. तारेची घासणी नको, कारण ओरखड्यांत बुरशी बसते. सौम्य साबणाने धुऊन झाल्यावर निर्जंतुक करण्यासाठी ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर घ्यावे, ते सुमारे १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत शंभर भाग, होते. सुटे भाग त्यात पाच मिनिटे ठेवून पिण्याच्या पाण्याने खळबळून काढावेत. हे द्रावण लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायचे असतील तर सायट्रिक आम्लाचे पाणी निराळ्या दिवशी वापरावे. सर्वांत जास्त घाण नळाच्या तोंडाशी आणि टाकीच्या मागच्या रबराखाली साठते, जिथे ती बाहेरून दिसत नाही. दट्ट्याच्या ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी कडीला, आणि त्या रबराला खाद्यपदार्थांसाठीचे सिलिकॉन ग्रीस बोटभर लावावे. गाडीचे ग्रीस किंवा खोबरेल तेल लावलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्याची चवही घेतली आहे. खालचा ट्रे दिवसातून अनेकदा रिकामा करावा लागतो. माश्या येतातच, पण संत्र्याच्या बागांच्या या भागात मधमाश्या जास्त येतात आणि त्या हाकलता येत नाहीत.

मागची जाळी साफ करणे हे पुस्तिकेत महिन्यातून एकदा लिहिलेले असते. तो हिशेब वऱ्हाडात चालत नाही. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्याने जिनिंगला जातात त्या रस्त्यावरच्या दुकानात कंडेन्सरच्या पात्यांवर धूळ आणि सरकीचे तंतू यांचा अक्षरशः नमदा बसतो, आणि हवा थांबते. उन्हाळ्यात दर आठवड्याला प्लग काढून, बाजूचे झाकण उघडून, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने वरून खाली झाडावे. आडवे घासले की पाती वाकतात. एवढ्या एका कामाने दुपारचे थंड न होणे किती कमी होते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

सेवेबद्दल समाधान नाही. आम्हाला मशीन देणाऱ्या विक्रेत्याने वर्षभराची हमी दिली, पण हमीचा अर्थ मशीन स्वतःच्या खर्चाने शहरात पोहोचवणे असा निघाला. गॅस आणि कॉम्प्रेसरचे काम तालुक्यातला फ्रीजचा कारागीर करू शकतो. मात्र पट्टीवर कोणता गॅस लिहिला आहे हे त्याला आधी दाखवावे, कारण अनेक नव्या मशीनमध्ये आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो, तो पेट घेतो आणि त्याच्या जागी दुसरा गॅस भरता येत नाही. फिरकी, गिअरबॉक्स आणि रबरे मात्र फ्रीजच्या दुकानात मिळत नाहीत. टाकीची दोन रबरे, दट्ट्याच्या ओ-रिंगा आणि एक फिरकी खरेदीच्या वेळीच बिलात लावून घ्यावी; मे महिन्यात ती मागवून मिळेपर्यंत हंगाम निघून जातो.

कमाईबाबत थोडक्यात. नफा चांगला असतो, कारण ग्लासात मुख्यतः पाणी आणि साखर असते. प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, म्हणून कागदी ग्लास धरावा लागतो, आणि कागदी स्ट्रॉ स्लशमध्ये मऊ पडतो, त्याऐवजी लाकडी चमचा बरा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आणि दर्शनी भागात तिचा क्रमांक हवा. हंगाम मार्च ते मध्य जून एवढाच आहे. बहिरमच्या यात्रेत, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, लोकांना हंडीतले मटण आणि रोडगे हवे असतात.

उरलेले आठ-नऊ महिने मशीन कसे ठेवले यावर पुढचा उन्हाळा ठरतो. सगळे सुटे भाग धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, रबरे काढून वेगळ्या डब्यात ठेवावीत, नळाचे दट्टे मोकळे ठेवावेत, म्हणजे ते चिकटत नाहीत, आणि मागच्या जाळीवर बारीक तारेची जाळी बांधावी, कारण उंदरांना कॉम्प्रेसरच्या शेजारची उबदार जागा फार आवडते आणि वायरही आवडते. ज्यांना नव्या मशीनची किंमत झेपत नाही त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जुने मशीन पाहावे. पहिल्या हंगामात कंटाळलेले दुकानदार त्या वेळी ते निम्म्या किमतीत काढतात. पाहायला जाताना १४ ब्रिक्सचे साखरपाणी आणि रिफ्रॅक्टोमीटर सोबत न्यावे, दोन्ही टाक्या भरून मशीन किमान दीड तास चालवायला लावावे, फिरकीचा आवाज कान लावून ऐकावा, टाकीखालचे रबर उचलून त्याखाली काय आहे ते पाहावे, आणि मागचे झाकण उघडू न देणाऱ्या विक्रेत्याकडून चहा घेऊन परत यावे.